भांडुपच्या केळ्यांतला किरणोत्सर्ग

तीर्थरूप पद्मजाताईस,

भांडुपहून तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून पुरत्या न पिकलेल्या) भावाचा, हर्षदचा, पोट सांभाळत जमेल तेवढा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि गोठ्यातली ती मारकी गाय या तिघांचं बरं चाललं असेल अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. वसुधाचं ब्लडप्रेशर मी घराबाहेर असलो की अगदी नॉर्मल असतं, असं आमच्या डॉक्टरांनीच तिला लिहून दिलंय, आणि तिने ते मला दोनदा वाचून दाखवलंय. माझं म्हणशील तर मधे दोन दिवस जेवण गेलं नाही. का गेलं नाही ते पुढे येईलच.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं विचारशील. तर ताई, फोनवर मी जरा रंगात आलो की तू "बरं, ठेवते हं, दूध उतू जातंय" म्हणतेस. (तुमच्याकडे दिवसातून किती वेळा दूध तापवतात गं? एकच तर गाय आहे.) पत्राचं बरं असतं. ते मधेच ठेवून दिलं तरी लिहिणाऱ्याला कळत नाही.

तुला माहीत आहे, मी पंख्यांच्या कंपनीतून रिटायर झालो. ऑफिसात मी काही मोठा साहेब नव्हतो, पण दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी विचारायला यायचं. हर्षद, कालची फाइल कुठाय. हर्षद, स्टेपलरच्या पिना कुठायत. रिटायर झालो आणि जगाला पिनांची गरजच संपली. घरात मी काही सांगायला लागलो की वसुधा मिक्सर लावायची. मग एक दिवस लिफ्टची वाट बघताना माझी नजर तळमजल्यावरच्या काळ्या फळ्यावर गेली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भाऊ (खरं नाव कोणालाच आठवत नाही, बहुधा त्यांनाही) त्यावर वर्षभर एकच मजकूर लिहीत आलेत, 'उद्या पाणी येणार नाही'. मी त्यांच्याकडून वरचा अर्धा फळा मागून घेतला आणि तिथे रोज एक शास्त्रीय माहिती लिहायला लागलो. मथळा : 'आजचं नवल'.

आणि ताई, खोटं कशाला सांगू, लोक थांबून वाचायला लागले! मध वर्षानुवर्षं नासत नाही, असं लिहिलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या निधीने आठ वर्षांपूर्वीची बाटली काढून मला विचारलं, ही चालेल का. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, लिहिलं तर त्याखाली कोणीतरी 'आमच्या ह्यांना एकसुद्धा नाही' असं खडूने लिहून गेलं. (अक्षर ओळखीचं वाटलं, पण मी चौकशी केली नाही.) आकाशातला एक साधा पांढरा ढग लाखो किलो वजनाचा असतो, असं लिहिलं त्या दिवशी आमचे धाकूकाका गच्चीवर वाळत घातलेले पापड घेऊन धावत खाली आले. धाकूकाका म्हणजे पहिल्या मजल्यावरचे, जुने गिरणी कामगार, आपल्या मालवणकडचे. म्हणाले, "ढग पडलो तर?"

घरातसुद्धा प्रयोग चालायचे. कडकडीत तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच उडून न जाता चेंडूसारखा नाचतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. हे मी वसुधाच्या नव्या नॉनस्टिक तव्यावर करून दाखवलं. थेंब सुरेख नाचला. तव्याचा लेप मात्र सुटला, आणि त्यानंतर जे नाचलं ते मी इथे लिहीत नाही.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. एका सोमवारी मी वाचलं की केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातला अगदी नखाएवढा अंश किरणोत्सर्गी असतो. शंभर टक्के खरी गोष्ट, ताई, तूही कुठे पडताळून बघ. मी सकाळी खाली गेलो, झोकात लिहिलं, 'केळ्यात किरणोत्सर्ग असतो!' पुढची ओळ मनात तयार होती, 'परंतु तो इतका नगण्य की आयुष्यभर केळी खाल्ली तरी बाधत नाही'. पण जागा पुरेना. खाली भाऊंची नोटीस होती, 'उद्या टाकीची सफाई आहे. रहिवाशांनी योग्य ती खबरदारी घ्यावी व पुरेसा साठा करून ठेवावा. हुकमावरून.' मी त्यांची पहिली ओळ पुसली, म्हटलं आपलं लिहून झालं की बाजूला बारीक अक्षरात परत लिहू. तेवढ्यात मुलुंडहून दाताच्या डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, आत्ता येत असाल तर या, नाहीतर पुढच्या महिन्यात. दाढ रात्रभर ठणकत होती. मी खडू खिशात टाकला आणि रिक्षा पकडली.

आता तूच डोळ्यांसमोर आण, माझ्यामागे फळ्यावर काय उरलं. 'केळ्यात किरणोत्सर्ग असतो! रहिवाशांनी योग्य ती खबरदारी घ्यावी व पुरेसा साठा करून ठेवावा. हुकमावरून.'

निधीने त्याचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो शेजारच्या दोन सोसायट्यांत गेला. वाटेत कोणीतरी त्याला 'ट्रॉम्बेच्या अणुशास्त्रज्ञांचा इशारा' अशी शेपटी जोडली. मी तिकडे मुलुंडला खुर्चीत तोंड वासून पडलो होतो तेव्हा इकडे घराघरातली केळी ओल्या कचऱ्याच्या डब्यात पडत होती. निधीकडे संध्याकाळी सत्यनारायण होता. तिने भटजींना फोन करून सांगितलं, प्रसादाच्या शिऱ्यात केळं घालणार नाही. भटजी म्हणाले, मग त्याला प्रसाद म्हणू नका, नाश्ता म्हणा. आणि गेटवर आमची चंपा, जी गेली कित्येक वर्षं तिथे केळ्यांची गाडी लावते, ती माशा वारत बसून होती. नेहमीची गिऱ्हाइकं तिच्या गाडीपासून चार हात लांबून, पदराने नाक झाकून जात होती. (किरणोत्सर्ग नाकाने आत जात नाही. पण हे सांगायला मी नव्हतो.)

यातलं काहीच ठाऊक नसलेला मी दुपारी रिक्षातून उतरलो. दाढ काढलेली. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला, कोपऱ्यातून लाळ. गेटवर घोळका बघून मी विचारायला गेलो, काय झालं. तोंडातून आलं, "ताय झायं?" घोळका दोन पावलं मागे सरकला. कोणीतरी फळ्याबद्दल सांगितलं. मी हात हलवून जिवाच्या आकांताने सांगायला लागलो, घाबरू नका, काही होत नाही. ऐकणाऱ्यांच्या कानावर पडलं ते "घाऊ ता, ताई ओत आई". निधी किंचाळली, "अगं बाई, काकांनी सकाळी केळं खाल्लं होतं! मी बघितलंय!"

खाल्लं होतं, ताई. रिकाम्या पोटी इंजेक्शन नको म्हणून मी सकाळी चंपाच्याच गाडीवरचं एक केळं खाल्लं होतं.

त्या क्षणी उरलीसुरली केळीसुद्धा मेली. चंपाने माझ्याकडे असं पाहिलं की दाढ काढताना दुखलं नव्हतं तेवढं दुखलं.

संध्याकाळी तोंड जाग्यावर आलं, तसा मी पळत खाली जाऊन दुरुस्ती लिहिली. मोठ्या अक्षरांत, 'घाबरू नका. किरणोत्सर्ग तर माणसाच्या शरीरातही असतो!' हेसुद्धा अगदी खरं. पण खरं आणि शहाणं यांत फरक असतो हे मला एवढ्या वयातही कोणी शिकवलं नव्हतं. (तू प्रयत्न केलास, मान्य.) दुसऱ्या सकाळी लोक लिफ्टमध्ये एकेकटे चढायला लागले. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी नवऱ्याची गादी हॉलमध्ये टाकली. (ती म्हणे त्यांना कधीपासूनच टाकायची होती, निमित्त मिळालं.) आणि टाकीची सफाई ठरल्याप्रमाणे झाली, पाण्याचा साठा कोणीच केला नव्हता, त्यामुळे सगळी सोसायटी बिनआंघोळीची माझ्या नावाने खडे फोडत होती.

त्याच सकाळी बेल वाजली. दारात चंपा. डोक्यावर केळ्यांची पाटी. तिने ती आमच्या हॉलमध्ये, वसुधाने नुकत्याच पुसलेल्या लादीवर आणून आदळली.

"काका, माझ्या केळ्यांनी तुमचं काय वाकडं केलं?"

मी म्हटलं, "अगं चंपा, मी वाईट म्हटलंच नाही. पोटॅशियम नावाचं एक..."

"तुमचं पोट्याशम ठेवा तुमच्याकडं. काल सकाळपासून एक केळं हललं नाही. ही काय लोखंडाची हायत व्हय, बसून राहायला? उद्या काळी पडतील, परवा गाईला घालीन. तेरवाला माझ्या पोराची फी कोण भरणार, तुमचा फळा?"

वसुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एरवी ती माझी बाजू घेते असं नाही, पण निदान बाहेरच्यांसमोर गप्प बसते. त्या दिवशी म्हणाली, "चंपा, बस. चहा टाकते. आणि तू बोल, मोकळेपणी बोल. माझं सांगून झालेलं आहे सगळं."

दोघी चहा पीत बसल्या आणि मी समोर पाटीकडे बघत उभा. ताई, खरं सांगतो, तोवर मला हा सगळा प्रकार मनातून थोडा गमतीचा वाटत होता. लोक किती अडाणी, असंही वाटत होतं. पण ती बाई चहात बिस्किट बुडवताना एकदम थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही शिकलेले. तुम्ही लिवलेलं लोक खरं मानतात. म्हणून तर भ्या वाटतं." तेव्हा मला माझ्या त्या ओळीची, त्यातल्या उद्गारचिन्हाची अशी काही लाज वाटली की मी म्हणून गेलो, "रविवारी सगळ्यांसमोर मी तुझी केळी खाऊन दाखवतो. गेटवर. मांडी घालून."

चंपा म्हणाली, "एक-दोन खाऊन भागायचं नाय."

वसुधा म्हणाली, "खातील. वेळच वेळ आहे."

भाऊंनी ही गोष्ट फारच मनावर घेतली. पाणी येणार नाही याखेरीज काही जाहीर करण्याची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी खुर्च्या मांडल्या, कुठूनसा माइक आणला आणि मागच्या इमारतीतल्या स्वरदाबाईंना तज्ज्ञ म्हणून बोलावलं. स्वरदाबाई जन्मभर ट्रॉम्बेला प्रयोगशाळेत होत्या. कमी बोलणाऱ्या, सरळ, खोटं सोडाच, साधी अतिशयोक्तीसुद्धा न करणाऱ्या. (सभेला असा माणूस बोलावू नये, हे मला आता कळतं.)

रविवारी आख्खी सोसायटी जमली. मी टेबलामागे, पुढ्यात फण्या. पहिलं केळं मी हसत खाल्लं. दुसरं वर धरून, चारी बाजूंना दाखवून. तिसऱ्याला कोणीतरी लहान पोरगी ओरडली, "आजोबा अजून चमकत नाहीत!" चौथ्यापाशी हसू आटलं. सहाव्याला टाळ्या पडल्या. त्यानंतर मी मोजणं सोडलं, कारण केळं तोंडातून खाली उतरत नव्हतं, ते रांगेत उभं होतं. चंपा शेजारी उभी राहून एकेक सोलून हातात देत होती, थांबायचं नावच घेईना. लोक मात्र बघत होते, खात नव्हते. निधी शेजारणीला म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं, "लगेच थोडंच होतं? नंतर होतं."

शेवटी भाऊंनी माइक स्वरदाबाईंपुढे धरला. "बाई, आता तुम्हीच सांगा. केळ्यात किरणोत्सर्ग आहे की नाही?"

बाई म्हणाल्या, "आहे."

सभेतून हाय निघाली. चंपाच्या हातातलं केळं अर्धवट सोललेलं राहिलं.

"पण अत्यंत किरकोळ," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्यात ज्यात पोटॅशियम, त्यात तो असतोच. राजम्यात असतो. शहाळ्यात असतो. बटाट्यात तर केळ्यापेक्षाही थोडा जास्तच निघेल."

माझे डोळे मिटले. म्हटलं, झालं. केळेवाली बुडवली, आता नाक्यावरचा वडेवालाही बुडाला, त्याच्या मागोमाग शहाळेवाला. उद्या सकाळी आमच्या हॉलमध्ये तिघांच्या तीन पाट्या. बाई पुढे मात्रा वगैरे समजावत होत्या, पण बटाट्यानंतर कोणाचं लक्षच नव्हतं. प्रत्येकजण मनातल्या मनात काहीतरी हिशेब करत होता.

आणि तेवढ्यात धाकूकाका काठी टेकत उठले.

"म्हंजे बाईनू," त्यांनी विचारलं, "बटाटोवडो पण खावचो नाय?"

स्वरदाबाई म्हणाल्या, "तसं मी म्हटलं नाही. केळ्याला घाबरायचं असेल तर बटाट्याला आधी घाबरा, एवढंच."

धाकूकाकांनी क्षणभर विचार केला. सभेकडे पाहिलं. मग म्हणाले, "मगे ऱ्हवांदे तो किरणोत्सर्ग!" आणि टेबलापाशी येऊन एक केळं उचलून सोलायला लागले.

ताई, विज्ञानाचा विजय मी आजवर पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी असा पाहिला. वडापाव सोडण्यापेक्षा किरणोत्सर्ग परवडला, असा निर्णय सबंध सोसायटीने एका मिनिटात, चर्चा न करता, एकमताने घेतला. भाऊंनी एक केळं घेतलं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी घेतलं (नवऱ्याची गादी मात्र अजून हॉलमध्येच आहे). निधी म्हणाली, मी तर पहिल्यापासून म्हणत होते. आणि डझन घेऊन गेली. तासाभरात चंपाची गाडी रिकामी. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. मी टेबलामागे तसाच बसून होतो, कारण उठता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी फळ्याला काचेचं दार आणि कुलूप बसवलं. मला म्हणाले, "हर्षद, राग मानू नका. पण पाणी येणार नाही एवढंच बरं असतं." मी हसलो. पण घरी येऊन खिडकीत बसलो तेव्हा बरं वाटत नव्हतं. लिफ्टपाशी उभं राहून कोणीतरी आपण लिहिलेलं वाचतंय, मान हलवतंय, दुसऱ्याला सांगतंय, याची सवय झाली होती गं. वसुधाने मिक्सर लावला नाही. उलट जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तो ऑक्टोपस छान होता हो." (तेव्हा अक्षर कोणाचं ते मला नक्की कळलं.)

मग दोन दिवसांनी सकाळी चंपाने हाक मारली. गाडीशेजारी तिने एक लाकडी स्टूल ठेवलं होतं. म्हणाली, लोक इथं थांबतात तर तुम्ही इथं बसा, काय सांगायचं ते तोंडी सांगा. फक्त आधी मला सांगायचं, मी हो म्हटलं तर लोकांना. तेव्हापासून रोज सकाळी मी तिच्या सेन्सॉरकडून पास करून घेतो. कांदा कापताना रडू का येतं, पास. केळं हे वनस्पतिशास्त्राप्रमाणे बेरीच्या जातीत मोडतं आणि स्ट्रॉबेरी मोडत नाही, ताबडतोब पास, वर शाबासकी. मासा झोपताना डोळे मिटत नाही, हे नापास, कारण पलीकडे तिची मैत्रीण मासे विकते.

तर असा मी मजेत आहे. केळं सोडून सगळं खातो. भावोजींना नमस्कार, गाईला लांबूनच.

तुझा,
हर्षद

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. चंपाच्या भाचीचं लग्न आहे, ती जुन्नरकडे पंधरवडाभर जाणार. गाडीची जागा मोकळी सोडली तर दुसरा कोणी बसेल, म्हणून तेवढे दिवस गाडी मी सांभाळीन असं मी तिला वचन देऊन बसलोय. पहाटे उठून माल आणायचा, दिवसभर विकायचा. वसुधाला अजून काही सांगितलेलं नाही. ताई, ती तुझं ऐकते. तेवढा एक फोन तिला कर आणि हळूच सांग, की रिटायर माणसाने केळी विकण्यात कमीपणा नाही. कृपा करून दूध आधी उतरवून ठेव.

ता. क. २. फोन करू नकोस. पाकिटाला डिंक लावायला वसुधाला दिलं, तिने सगळं वाचून काढलं. रागावली नाही. म्हणाली, तुम्हाला कच्चं-पिकलं कळत नाही, भाव करता येत नाही, आणि कोणी काही विचारलं की तुम्ही व्याख्यान देणार. गाडीवर मी बसेन. तुम्ही फक्त पाट्या वाहायच्या.

ता. क. ३. आज सराव म्हणून ती चंपाशेजारी तासभर बसली. एका नव्या गिऱ्हाइकाने भीत भीत विचारलं, या केळ्यांचं काय ते ऐकलं होतं, खाल्ली तर काही होत नाही ना? वसुधाने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, "हे बघा, ह्यांनी टेबलभर खाल्ली, काही झालेलं नाही. असे ते आधीपासूनच आहेत." गिऱ्हाइकाने मला नीट न्याहाळलं आणि दोन डझन घेतली.